साडेचार आण्याची बाटली

“मामा, फक्त बहात्तर हजार,” असं म्हणत भाच्याने मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. पडद्यावर निळी बाटली, दोन सॉलेनॉइड, स्टीलच्या तारेने विणलेला लांबलचक पाइप, मूठभर जेट आणि खाली किंमत, ८०० डॉलर. त्याच्याकडे २०१० ची होंडा सिव्हिक आहे. १.८ लिटरचं इंजिन, जेमतेम १३० हॉर्सपॉवर, आणि साहेबांना लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या व्हॅली रनमध्ये पाव मैल पळवायची आहे. त्यासाठी इंजिनात सोडायचा नायट्रस गॅस, तोही ‘पन्नासचा शॉट’. म्हणजे बटण दाबलं की पन्नास हॉर्सपॉवर जास्त.

मी मिशिगनमध्ये नोकरीला होतो तेव्हा शनिवारी मायलनच्या ड्रॅग स्ट्रिपवर जायची खोड लागली होती. त्यामुळे अशा बाटल्या बसवताना, भरताना आणि त्यांच्यापायी इंजिनं उतरवताना जवळून पाहिली आहेत. भाच्याला मी ‘नको’ म्हटलं नाही. नको म्हटलं की पोरं तेच करतात. पानावरून उठल्यावर वही घेतली आणि म्हटलं, बस, हिशेब मांडू.

किट ७२,००० रुपये, डॉलर ९० रुपयांना धरून. दहा पौंडी बाटली रिकामीच सहा-सात किलो भरते, त्यामुळे वाहतुकीला दीडशे डॉलर तरी लागणार, म्हणजे १३,५००. झाले ८५,५००. त्यावर वाहनाच्या सुट्या भागांचं १५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हाच जीएसटी २८ टक्के होता, तेवढं तरी पदरात पडलं. तिन्ही मिळून साडेसदतीस टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे आणखी ३२,०००. दारात येईपर्यंत किट १,१७,५०० चं झालं.

आता डब्यात जे नसतं ते. जास्त पेट्रोल देणारा पंप, बसवून ११,०००. मिश्रणात हवा किती आणि पेट्रोल किती हे सांगणारं वाइडबँड मीटर, सीमाशुल्कासकट २५,०००. पूर्ण पाय दाबल्याशिवाय आणि इंजिन ३,००० फेऱ्यांच्या वर गेल्याशिवाय गॅस सुटू न देणारा विंडो स्विच, पेट्रोलचा दाब पडला की गॅस तोडणारा प्रेशर स्विच, आणि बाटलीच्या दाबाचं मीटर, तिन्ही मिळून २८,०००. एक नंबर थंड प्लग, चार नग, १,२००. दमदार क्लच प्लेट, कारण कंपनीची प्लेट नव्या जोराने घसरायला लागते, २०,०००. बसवण्याची मजुरी २०,०००. आणि जोर मोजणाऱ्या डायनोवर उभी करून ट्यूनिंग, ३०,०००. गॅरेजगणिक पाच-दहा हजार इकडेतिकडे होतील, पण बेरीज अडीच लाखांच्या आत येत नाही. आमची आली २,५२,७००.

आपल्याकडे म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सवयीने भागाकार केला. रुपयाचे सोळा आणे धरले तर भाच्याने दाखवलेल्या ७२,००० चे होतात साडेचार आणे. उरलेले साडेअकरा आणे मसाल्याचे. म्हण करणाऱ्याने नायट्रस बसवलं नसेल, पण हिशेब त्याचा पक्का होता.

म्हणजे दर हॉर्सपॉवरला पाच हजार रुपये, आणि तीही एका दौडीत दहाएक सेकंदांपुरती. हे वाचून ज्यांच्याकडे टर्बो पेट्रोल गाडी आहे त्यांनी पुढचा लेख सोडला तरी चालेल. एक लिटरच्या टर्बो पोलोला नुसत्या ईसीयू रिमॅपने, म्हणजे इंजिनच्या संगणकातली आकडेमोड बदलून, तीस-चाळीस हजारांत पंचवीस-तीस हॉर्सपॉवर मिळतात, बाटली भरायला कुठे जावं लागत नाही. वॉरंटी आणि विम्याची कटकट त्यातही आहेच, पण खिशाला तो सौदा परवडतो. नायट्रसचा विचार करायचा तो टर्बो नसलेल्या, जुन्या, रिमॅप केला तरी पाच-सात हॉर्सपॉवरच्या पुढे न सरकणाऱ्या गाडीसाठी. सिव्हिक नेमकी तशी.

कोरडं, ओलं आणि एकेका सिलिंडरचं

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे. वजनाने पाहिलं तर हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो, नायट्रसमध्ये ३६. इंजिनात ३०० अंशांच्या आसपास त्याचे तुकडे होतात आणि हा जादा ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय बाटलीतून द्रव बाहेर पडतो तो उणे ८८ अंशांना उकळत, त्यामुळे आत जाणारी हवा गारठते आणि दाट होते. जादा ऑक्सिजनला जादा पेट्रोल मिळालं तर जोर मिळतो. पेट्रोल कमी पडलं तर तीच आग पिस्टन खाते. सगळा खर्च, सगळे स्विच, सगळी वायरिंग या एका वाक्याभोवती फिरते.

बाजारात तीन तऱ्हा आहेत. कोरड्या किटमध्ये फक्त गॅस आत सोडतात आणि जादा पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरकडून मागतात. जोडायला सोपं, पण इंजेक्टर आणि ईसीयू यांना तेवढं पेलवणार असेल तरच. ओल्या किटमध्ये एकाच नॉझलमधून गॅस आणि पेट्रोल मिळून फवारतात, त्याला वेगळा पेट्रोल सॉलेनॉइड असतो. तिसरी तऱ्हा डायरेक्ट पोर्ट, प्रत्येक सिलिंडरला आपलं नॉझल. ती मोठ्या शॉटची आणि शर्यतीच्या इंजिनांची. पन्नासच्या शॉटसाठी डायरेक्ट पोर्ट घेणं म्हणजे दोन माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं.

भाच्यासाठी मी ओलं किट सांगितलं. त्याच्या ईसीयूला हात न लावता पेट्रोलचं प्रमाण जेट बदलून बांधता येतं, हे मुख्य कारण. ओल्याचा धोकाही सांगितला. आजकालच्या प्लॅस्टिक मॅनिफोल्डची रचना नुसती हवा वाहून नेण्यासाठी असते. त्यात पेट्रोल सोडलं आणि इंजिन संथ फिरत असलं, तर ते वळणावर साचतं. साचलेलं पेट्रोल आणि नायट्रस, त्यात एक उलटी ठिणगी, आणि मॅनिफोल्डचे तुकडे बोनेटला आतून चिकटतात. म्हणून ३,००० फेऱ्यांच्या खाली गॅस सुटता कामा नये, आणि ते बोटावर सोडायचं काम नाही, स्विचचं आहे. सिव्हिकचा अॅक्सिलरेटर तारेचा नसून इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून किटबरोबर येणारा साधा मायक्रोस्विच तिथे उपयोगाचा नाही. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज वाचणारा स्विच लागतो. जुन्या तारवाल्या होंडा सिटीला मायक्रोस्विच चालतो. दुकानदार हा फरक आपणहून सांगत नाहीत, विचारावा लागतो.

कंपन्यांचं म्हणाल तर एनओएस हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. ही कंपनी १९७८ साली निघाली, १९९९ मध्ये होली कंपनीने घेतली, आणि नाव इतकं रुळलं की गॅरेजमध्ये गॅसलाच ‘नॉस’ म्हणतात. नायट्रस एक्स्प्रेस, झेक्स, ब्रिटनची विझर्ड्स ऑफ नॉस हीही जुनी नावं. नामवंत कंपन्यांमध्ये डावं-उजवं करण्यात मी वेळ घालवणार नाही. पण निनावी नकली सॉलेनॉइडपासून लांब राहा. सॉलेनॉइडचं काम दोनच गोष्टींचं, उघडणं आणि पूर्ण बंद होणं. नकली माल दुसऱ्यात नापास होतो. रात्रभर गॅस झिरपून मॅनिफोल्डमध्ये भरतो आणि सकाळी किल्ली फिरवली की आवाज येतो.

शॉट किती घ्यायचा? मूळ, न उघडलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला चाळीस ते साठ, ही या धंद्यातली जुनी मर्यादा आहे. आठ सिलिंडरच्या अमेरिकन इंजिनाला सव्वाशे-दीडशेही चालतात, आणि गंमत पाहा, तिकडचे व्हिडिओ बघून आकडे मनात धरणारा पोरगा इकडे चार सिलिंडर घेऊन बसलेला असतो. दर पन्नासच्या शॉटमागे ठिणगीचं टायमिंग दीड-दोन अंश मागे घ्यायचं, प्लगची फट ०.७५ ते ०.९ मिलिमीटर ठेवायची, आणि पेट्रोल चांगलं घालायचं. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन डिसेंबर २०२० पासून पुण्या-मुंबईत मिळतं. लिटरला १६० रुपयांच्या आसपास जातं, पण दौडीच्या दिवशी दहा लिटर पुरतं. तिथे काटकसर करू नका.

जेटचा मोह वेगळा सांगायला हवा. जेट म्हणजे भोक पाडलेला पितळेचा छोटा तुकडा. त्यावर भोकाचा आकडा कोरलेला असतो. पन्नासचा काढून पंच्याहत्तरचा बसवायला दहा मिनिटं आणि दोन पाने लागतात. या दहा मिनिटांत जितकी इंजिनं गेली असतील तितकी दुसऱ्या कशाने गेली नसावीत. गॅसचा आणि पेट्रोलचा जेट अदलाबदल होणं हा त्याचाच भाऊ. दोन्ही एकसारखे दिसतात, म्हणून हातात भिंग घेऊन आकडा वाचायचा, मगच बसवायचा.

नाशिकचा मित्र आणि पन्नास डॉलर

मिशिगनमधला माझा एक मित्र, मूळ नाशिकचा. त्याच्याकडे २००३ ची मस्टँग जीटी होती, ४.६ लिटर, २६० हॉर्सपॉवर. शंभरचा शॉट बसवला, सगळं नीट केलं, पण पेट्रोल प्रेशर स्विच घेतला नाही. पन्नास डॉलरचा माल होता. “अरे, पंप नवा आहे, दाब कशाला पडतोय?” पंप नवाच होता. फिल्टर मात्र जुना, गाळाने अर्धा बुजलेला. साध्या चालीला पुरेसं पेट्रोल जायचं, शंभरच्या शॉटला कमी पडलं.

चौथ्या दौडीत शेवटच्या टप्प्यात गाडी एकदम मंदावली आणि मागून निळसर धूर. पिटमध्ये आणून आम्ही प्लग काढले. सात प्लग फिकट तपकिरी. आठव्याची चिनीमाती पांढरीफटक, आणि तिच्यावर मिठाचे दाणे शिंपडावेत तसे चंदेरी ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम. मित्र तो प्लग उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिला. वापरलेलं इंजिन शोधून बसवायला त्याचे चार हजार डॉलर गेले.

म्हणून माझं सरळ मत असं की पैसे कमी पडत असतील तर शॉट कमी करा, पर्ज किट घेऊ नका, निळे दिवे लावू नका, पण प्रेशर स्विच, विंडो स्विच आणि वाइडबँड या तिघांना कात्री लावू नका. बोनेटच्या बाजूने पांढरा फवारा सोडणारं पर्ज किट दिसायला झकास असतं. पाइपातली वाफ काढून द्रव सॉलेनॉइडपर्यंत आणणं हे त्याचं खरं काम. त्याच्याशिवाय पहिला अर्धा सेकंद गॅस पातळ येतो, एवढंच. लोक फवाऱ्यासाठी घेतात, त्याला माझी हरकत नाही, पण आधी स्विच.

बाटली आणि आपलं ऊन

तिकडच्या प्रत्येक यादीत बॉटल हीटर असतो, १५० ते २५० डॉलरचा. भाच्याच्या यादीतही होता. मी खोडला. कारण समजून घेण्यासारखं आहे.

नायट्रस बाटलीत द्रव असतो, वर वाफ, आणि त्याचा दाब ठरतो तापमानावर. २१ अंशांना साधारण ७५० पीएसआय, ३० अंशांना ९०० च्या पुढे, ३५ ला हजाराच्या आसपास. जेटची कोष्टकं ९०० ते ९५० धरून बनवलेली असतात. मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या संध्याकाळी बाटली बर्फासारखी, दाब पडलेला, म्हणून तिथे हीटर. पुण्यातली फेब्रुवारीची दुपार म्हणजे नायट्रससाठी मुहूर्तच. हीटर घेऊन काय करणार?

आपला त्रास उलटा. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव म्हणून राहतच नाही, कितीही दाबा. एप्रिलमध्ये विदर्भात सावलीतही हा आकडा सकाळी ओलांडला जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होतं ते सांगायला नको. दाब झपाट्याने चढतो. बाटली प्रमाणापेक्षा जास्त भरलेली असली तर आणखी झपाट्याने. बाटलीच्या व्हॉल्व्हवर ठरावीक दाबाला फुटणारी चकती असते, ती फुटली की सगळा गॅस क्षणात डिकीत. म्हणून त्या चकतीला नळी जोडून ती गाडीबाहेर काढायची, तिला ब्लो-डाउन ट्यूब म्हणतात, फार महाग नाही. चांगल्या स्पर्धेच्या तपासणीत ती पाहतातच. दौडीच्या दिवशी बाटली सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि दाबाचं मीटर बघूनच लाइनवर जा. ११०० च्या वर काटा असेल तर थांबा, कारण गॅस जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे पुन्हा नाशिकच्या मित्राची गोष्ट.

पन्नासच्या शॉटला दहा सेकंदांत पाऊण-एक पावशेर, म्हणजे साधारण अर्धा पौंड गॅस जातो. दहा पौंडी बाटलीत चौदा-पंधरा चांगल्या दौडी होतात, शेवटच्या दोन-तीन पौंडांत ऐन दौडीत दाब पडतो. दिवसाला चार-पाच दौडी मिळणाऱ्यासाठी पाच पौंडी बाटली पुरते, पण दहा पौंडीत दाब एकसारखा राहतो. मी दहाच घेईन. रिकामी किती आणि भरलेली किती हे वजनकाट्यावरच कळतं, मीटरवर नाही. बाटली नुसती ठेवलेली असताना आत द्रवाचा थेंब असेपर्यंत मीटर जवळपास तोच दाब दाखवत राहतो.

नागपूरचा शिक्का

आता तो मुद्दा, ज्याच्यापुढे बाकीचा हिशेब फिका पडतो. बाटली आणली, पण भरणार कोण?

दाबाखालच्या गॅसच्या बाटल्यांवर आपल्याकडे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं राज्य चालतं. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे बाटली आणि व्हॉल्व्ह मान्य प्रकारचे, मान्य मानकाचे असले पाहिजेत आणि मुख्य स्फोटक नियंत्रकांची मंजुरी असली पाहिजे, तरच त्यात गॅस भरता येतो. अमेरिकन बाटलीच्या खांद्यावर तिकडच्या परिवहन खात्याचा शिक्का कोरलेला असतो, १८०० पीएसआयचा. तिकडे तो पुरतो, दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी केली की झालं. इकडे नुसत्या त्या शिक्क्यावर परवानाधारक गॅसवाला बाटली हातात घेणार नाही, आणि घेऊ नये. सीमाशुल्कवाले रिकामी बाटलीसुद्धा याच कारणाने अडवून ठेवू शकतात, आणि मग रोजचं गोदामभाडं तुमच्या अंगावर.

मग काही ठिकाणी काय चालतं, तेही ठाऊक आहे. भूल देण्यासाठी रुग्णालयात जाणारी नायट्रसची मोठी निळी टाकी कुठूनतरी मिळवायची, उलटी टांगायची आणि शेडमध्ये पाइप लावून लहान बाटली भरायची. हा गॅस अत्यावश्यक औषधांच्या यादीतला आहे, तो अशा वाटेने बाहेर येणं गुन्ह्याचं. शिवाय वजनकाटा नसला की बाटली जास्त भरते, आणि बंद खोलीत गळती झाली की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, हे माणसाला चक्कर येईपर्यंत कळत नाही. अमेरिकेत गाड्यांसाठी विकतात त्या नायट्रसमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड मुद्दाम मिसळलेला असतो, नाक झोंबावं आणि कुणी हुंगू नये म्हणून. वैद्यकीय गॅसला तसा वास नाही. गळती नाकाला कळत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी परवानाधारक भरणारा शोधा, त्याला कोणती बाटली, कोणता व्हॉल्व्ह, कोणता कागद चालतो ते लेखी घ्या, मग त्या बाटलीला जुळणारं बाकी किट मागवा. बरेच विक्रेते बाटलीशिवायचं किट देतात, ते स्वस्तही पडतं आणि वाहतूकही निम्मी होते. भरणारा मिळाला नाही तर तिथेच थांबा, अडीच लाख वाचले. परदेशातल्या वाचकांना ही अडचण नाही. अमेरिकेत स्पीड शॉपमध्ये पौंडाला पाच ते आठ डॉलर देऊन उभ्या उभ्या बाटली भरून मिळते.

रस्त्यावरची गोष्ट थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. विमा कंपनीला न सांगता बदल केला असेल तर दावा फेटाळायला तिला आयतं कारण मिळतं. एक्स्प्रेसवेवर रात्री शर्यत लावणं हा तर वेगळाच गुन्हा. नायट्रसची गाडी ट्रकवर चढवून धावपट्टीपर्यंत न्यायची, हा खर्च भाच्याच्या वहीत मी शेवटी लिहिला. पुण्याहून जाऊन-येऊन दर वेळी आठ-दहा हजार. स्पर्धेचं नियमपत्र मागवून आपल्या वर्गात नायट्रस चालतं का तेही आधी पाहा. काही वर्गांत चालत नाही. १९७६ साली डेटोना ५०० च्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्यासारख्यांच्या वेळा नायट्रसपायी रद्द झाल्या होत्या, तिथे आपली काय कथा.

जुनं किट मिळालं तर? मिळतात, ग्रुपवर तीस-चाळीस हजारांत. पाइप आणि नॉझल बघून घ्यायला हरकत नाही. सॉलेनॉइडच्या आतल्या सील बदलायचा संच घ्या आणि बसवण्याआधी टेबलावर दाब देऊन, साबणाचं पाणी लावून रात्रभर ठेवा. वायरिंग नवीनच करा. बाटलीची चाचणी पाच वर्षांपलीकडची असेल, तिच्यावर खोल ओरखडे किंवा भाजल्याचा काळा डाग असेल, तर फुकट दिली तरी घेऊ नका.

बाटली कशी आडवी ठेवायची हे सांगून थांबतो, कारण मी पाहिलेल्या पाचातल्या दोन तरी उलट्या बसवलेल्या होत्या. व्हॉल्व्ह गाडीच्या तोंडाकडे, लेबल आकाशाकडे, आणि व्हॉल्व्हची बाजू किंचित उंच. आत एक वाकडी नळी असते, तिचं टोक मागच्या खालच्या कोपऱ्यात येतं. गाडी झेपावली की द्रव मागे सरकतो आणि नळीच्या तोंडाशी गोळा होतो. उलट बसवली तर ऐन दौडीत नळी वाफ ओढते. ब्रॅकेट बोल्टने पत्र्याला आरपार जखडा, पट्ट्यांनी बांधू नका. दौड संपली की व्हॉल्व्ह बंद करा, पाइपातला गॅस मोकळ्या हवेत काढा, हातमोजे घालून, कारण सुटणारा द्रव बोटाला लागला तर कातडी पांढरी पडून भाजल्यासारखी निघते. मग बाटली काट्यावर ठेवा, वजन वहीत लिहा, तारीख आणि त्या वेळचं तापमानही लिहा. भाच्याने त्या वहीचं पहिलं पान आता आखलं आहे. वरती तारीख आहे, खाली ‘भरणारा:’ असं लिहून पुढची जागा रिकामी.